शेंगोळी आन् टेस्टी शब्दाचं मूळ

तर सगळ्यात आधी आल्या त्या सासूबाई... कल्पनाच्या इंग्रजीच्या बाईंच्या. बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून त्या मागं रस्त्यालाच राहिल्या, आन् म्हातारी एकटीच आमच्या दारात उभी.

हे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं असेल. तळेगाव ढमढेऱ्याला बौद्धवस्तीत आमचं घर. माझी थोरली कल्पना दहावीला इंग्रजीत शाळेत पहिली आली, म्हणून बाई पेढे घेऊन येणार होत्या. पाबळला पाहुण्यांकडं निघालेल्या, जीप भरेपर्यंत टेकू म्हणाल्या. सासूबाई बरोबर असतील हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी न्हाई.

आता तेव्हाची रीत सांगते, नातींना ती माहीत न्हाई. गावातलं कुणी आमच्याकडं आलं, की आम्ही आपलं दुकानातून बाटलीबंद थंड आणायचो. आमच्या हंड्यातलं पाणी नको म्हणायला त्यांना जड जायचं, आन् ऐकायला आम्हाला. बाटली बाहेरची... कुणाचाच अपमान न्हाई.

मी सकाळीच मालकांना बाटल्या आणायला लावल्या. चुलीवर मात्र घरच्यापुरती शेंगोळी रटरटत होती. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची... ती मी झाकून ठेवली. पण वास कुठं झाकतो?

सासूबाई खाटेवर बसल्या, हातात बाटली. पोरगी हुशार हाय म्हणाल्या, पाऊस कवा यायचा ते बोलल्या. तेवढ्यात बाई आल्या, दारातच नाक वर केलं आन् विचारलं, आज काय बेत?

कल्पना पटकन बोलून गेली, "शेंगोळी." मी तिच्याकडं असं बघितलं, की काय सांगू.

बाई म्हणाल्या, "मग वाढा की." बाईंचा प्रश्नच नव्हता हो, त्या तशाच मोकळ्या... पण समोर सासूबाई! घरी जाऊन म्हातारीनं सुनेला बोल लावले, तर बाई परत आमच्या उंबऱ्याला यायच्या न्हाईत, कल्पनाला पुढं कोण सांगणार-शिकवणार? न्हाई तरी कसं म्हणू? वाढली.

बाईंनी पहिलाच घास खाल्ला आन् म्हणाल्या, "टेस्टी झालीय हो."

सासूबाईंची नजर सुनेच्या ताटलीवर. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, टेस्टी म्हंजे काय हो बाई? मी आपली तिसरी शिकलेली.

बाई म्हणाल्या चविष्ट. मग शिकवायची सवय, थांबतात कुठं... टेस्ट हा शब्द फार जुना, म्हणे. पहिल्यांदा त्याचा चवीशी संबंध नव्हता. हात लावून बघणं, स्पर्श करणं, असा त्याचा अर्थ. जिभेकडं तो नंतर गेला.

स्पर्श... आमच्या घरात हा शब्द असा सहज कुणी काढत नसे. मालक उठून दारात जाऊन उभे राहिले. बाईंच्याही ध्यानात आलं असावं, त्या खाली बघून खायला लागल्या.

तवा सासूबाईंनी विचारलं, "कुणी वळली गं ही?"

मी म्हटलं, मीच.

"हातानं?"

"हातानंच की. तिला काय साचा असतो?"

म्हातारी पुढं वाकली. ताटलीत बघत म्हणाली, "किती बारीक वळलीस. माझी आई अशीच वळायची... माझी आपली मनगटाएवढी होतात. ह्या माझ्या सुनेला विचार."

बाईंना हसू फुटलं. सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. "मला पण वाढ. रस्सा जास्त घाल."

मी घाईघाईत वाढायला गेले, अर्धा रस्सा ताटलीत आन् अर्धा माझ्या लुगड्यावर. त्यांनी एक शेंगोळं बोटांनी उचललं, जरा फिरवून बघितलं आन् तोंडात टाकलं. मग दोनदा मागून खाल्लं, हंड्यातलं पाणीही प्याल्या. जीप केव्हाच गेली.

आज दोघी हयात न्हाईत. कल्पना स्वतः मास्तरीण हाय आन् तिच्याच मुलीनं मला हे फोनवर लिहायला शिकवलं. इंग्रजी मला काही येत न्हाई, पण एक शब्द मुळापासून येतो. ज्यांनी तो शिकवला त्यांचे उपकार.

त्या दिवशी निघताना सासूबाई म्हणाल्या, "गुरुवारी येते. पीठ माझ्या घरचं आणते, बारीक कसं वळायचं ते माझा हात धरून दाखीव."