सात सीटर की मोठी व्हॅन

मुलगी एकोणीस वर्षांची झाली त्या हिवाळ्यात आम्ही जुनी गाडी बदलायचं ठरवलं. तिला स्नायूंचा आजार. शाळेत चालताना धडपडायची, मग वॉकर आला, आणि कॉलेजला जाईपर्यंत व्हीलचेअर. कुठे निघायचं म्हणजे हे तिला दोन्ही हातांवर उचलून, वाकून, मागच्या सीटवर ठेवत. मी खुर्ची घडी करून डिकीत कोंबत असे. माझी कंबर जुनी दुखरी, त्यामुळे उचलणं यांचंच काम. हे बँकेत गेले की आम्ही दोघी घरातच.

यांच्या मनात सात सीटर भरली होती. "फॅमिली गाडी आहे. सगळे सोबत बसू. आत्या आली तर तीही."

मला मोठी व्हॅन हवी होती, शाळेच्या मुलांना नेतात तसली, उंच टपाची. आमच्या शहरातल्या पोलोग्राउंड भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मी विचारून आले होते. मागच्या दाराला रॅम्प बसवून मिळणार होता. मुलगी खुर्चीसकट आत जाऊ शकली असती.

"म्हणजे अँब्युलन्सच की," हे म्हणाले. "आणि उद्या ती चालायला लागली तर?"

गेलेली ताकद परत येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत हे फक्त ट्रॅफिकबद्दल बोलत होते.

रविवारी आम्ही तिघं सात सीटर बघायला शोरूममध्ये गेलो. "अंकलजी, बिटिया को बिठाकर देखिए ना," सेल्समन म्हणाला. सीट आमच्या गाडीपेक्षा उंच होती. उचलता उचलता यांना दम लागला, मध्येच थांबले. तिचा कुर्ता वर सरकला. सेल्समन मदतीला धावला आणि त्याने तिचे पाय धरले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ती नुसती वर छताकडे बघत राहिली. मी पुढे होऊन कुर्ता खाली ओढला.

परतीच्या रस्त्यावर ती म्हणाली, "बाबा, मला आता उचलू नका."

"अगं, जन्मल्यापासून उचलतोय तुला."

"तेव्हा लहान होते. आता कुणी परक्याने पाय धरले की मला ते सहन होत नाही. मावशीकडच्या लग्नाला परीक्षा आहे म्हणून आले नाही ना, परीक्षा नव्हतीच." मग ती म्हणाली, "आणि आज तुमचे हात थरथरत होते."

हे गाडी चालवत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनी तिला उचललं, कारण दुसरा इलाज नव्हता, आणि खुर्चीत ठेवून सरळ गच्चीवर निघून गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा पाठमोरे उभे होते. वळले नाहीत. कप कठड्यावर ठेवून मी खाली आले.

सकाळी दाढी करता करता म्हणाले, "वर्कशॉपवाल्याला फोन कर. खुर्चीचं माप लागेल त्याला."

व्हॅन आली, पण आमच्या गल्लीत शिरेना. कोपऱ्यावर मोठ्या रस्त्यालाच उभी करावी लागली. समोरचे शेजारी म्हणाले, "क्या भिया, स्कूल का काम चालू कर दिया?"

"नहीं भिया," हे म्हणाले, "बिटिया की गाडी है."

मला ती चालवायला यांनीच शिकवलं, सकाळी शहराबाहेर सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर. मी चुकले की पूर्वी ओरडत. या वेळी एकदाही ओरडले नाहीत. मग एका दुपारी, हे ऑफिसात असताना, आम्ही दोघी निघालो. व्हॅन लांब लावली आणि खुर्ची ढकलत राजवाड्याच्या बाजारात गेलो. तिने अर्धा तास घासाघीस करून कानातले घेतले. संध्याकाळी यांना दाखवले तर हे म्हणाले, "छान आहेत," आणि मग उगाच तिच्या खुर्चीचे ब्रेक तपासत बसले.

आजार थांबलेला नाही. यंदा तिच्या हातांतली शक्तीही कमी झाली आहे. बोलून ती फोनवर लिहिते.

परवा यांच्या मित्राच्या शेतावर सांवेरला गेलो. मी चालवत होते, हे मागे तिच्या शेजारी बसले होते. दोन्हीकडे गहू हिरवागार होता. मागून तिचा आवाज आला.

"बाबा, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते."

"मलाही वाटते."

समोर ट्रॅक्टर येत होता, त्याला जागा देण्यासाठी गाडी कडेला घेतली. मागे ती दोघं हळू आवाजात बोलत होती, आणि सांवेर येईपर्यंत बोलत राहिली.