रुख्मिणीच्या कार्डावरचा रोग

देवमन तायडे आमच्या दवाखान्यात रेकॉर्डचा कारकून होता. दवाखाना अकोला जिल्ह्यातला. कोणता ते विचारू नका, मी सांगणार नाही. मी वामनराव, त्याच्या समोरच्या टेबलावर होतो. माणूस बरा होऊन घरी जावो की मसणात जावो, त्याचा कागद शेवटी आमच्याकडेच यायचा.

डॉक्टरांचं इंग्रजी गिचमिड देवमन बरोबर वाचायचा. मग रोगांच्या आकड्यांचं जाडं पुस्तक उघडून त्या रोगाचा आकडा कागदावर टाकायचा आणि पेशंटच्या कार्डावर रोगाचं नाव मराठीत लिहायचा. पटकीचा, देवीचा, जंताचा आकडा पडला की गावाचं नाव सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या यादीत जाई आणि तो घरी जाऊन सगळ्यांना तपासे. मिरगीच्या, म्हणजे फेफऱ्याच्या आकड्यावर कोणी कुठं जात नसे. एवढं ध्यानात ठेवा, पुढची सारी गोष्ट त्यावरच आहे.

एकोणसाठ साली हिवरखेडकडची रुख्मिणी आली. पंचविशीची बाई, गळ्यात तुळशीची माळ, झटके यायचे. घरच्यांनी आधी वर्षभर अंगारे-धुपारे केले, मग इकडं आणली. तिच्या दंडावर कातडीखाली वाटाण्याएवढ्या गाठी होत्या. डॉक्टरांनी एक कापून नागपूरला पाठवली. उत्तर आलं ते असं, की डुकराच्या मांसातून येणाऱ्या जंताची पिल्लं त्या गाठीत आहेत आणि मेंदूतही तीच असणार. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, घरातल्या प्रत्येकाला तपासा. आणि साहेब बदली होऊन बुलढाण्याला निघून गेले.

देवमन तो कागद घेऊन बसून राहिला. कार्ड गावात मास्तर मोठ्यानं वाचून दाखवणार. माळकऱ्याच्या सुनेला डुकराचा जंत! त्या बाईनं कधी अंडंसुद्धा शिवलं नव्हतं. जंत एकाच्या पोटात असला तरी त्याची अंडी न धुतलेल्या हातानं दुसऱ्याच्या पाण्यात पडतात, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आम्हाला दिसलं ते फक्त डुक्कर.

आणि देवमनला ते जास्तच दिसलं. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली होती, पण लहानपणची शाळा काही विसरला नव्हता. पोरं नाकाला धोतराचा सोगा लावून त्याला विचारायची, आज काय खाऊन आला रे? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. डॉक्टरांना विचारून काही करावं तर नवीन डॉक्टर अजून रुजू व्हायचे होते, आणि रुख्मिणीचा नवरा सूर्यभान बाहेर बैलगाडी जुंपून उभा होता.

देवमननं मिरगी लिहिलं. कार्डावर मिरगी, आकडाही मिरगीचा. झटक्याच्या गोळ्या त्याच मिळणार होत्या, मग नुकसान कोणाचं? बाई हात जोडून गेली. त्या दिवशी देवमन खुशीत होता, मला चहा पाजला त्यानं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात सूर्यभाननं खांद्यावरून पोरगी आणली. शकुन, सहा वर्षांची. झटका थांबतच नव्हता. नव्या डॉक्टरांनी आईचा जुना कागद मागवला. देवमननं तो काढला, आणि मागं टाचलेला नागपूरचा कागद डॉक्टरांनी वाचला. त्यांनी एवढंच विचारलं, की या घरी इन्स्पेक्टर कधी गेला होता? देवमननं कागदावरच्या मिरगीच्या आकड्यावर बोट ठेवलं. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. तिचा आकडा देवमननंच टाकला, या वेळी खरा.

मग इन्स्पेक्टर गेला. जंत सूर्यभानच्याच पोटात निघाला. अमरावतीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामाला जायचा, तिथं चोरून डुकराचं मटण खायचा, आणि घरी येऊन त्याच हातानं माठातलं पाणी काढायचा. दोन दिवसांच्या औषधात जंत पडला. दोन दिवसांच्या, बाप्पा!

पुढच्या रविवारी देवमन मोटारीनं त्या गावी गेला. मला म्हणाला, चल सोबत. अंगणात रुख्मिणी कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत होती. देवमननं उभ्यानंच सारं सांगितलं, काही लपवलं नाही. "बाई, तुमाले लोकं नावं ठेवतीन म्हणून म्या खोटं लिवलं. माह्या हातानं लिवलं."

तिनं पऱ्हाटी खाली ठेवली. माठाकडं पाहिलं. मग म्हणाली, "ठेवले असते, भाऊ. नावानं कोनी मरते का? माही पोरगी तं राह्यली असती." आणि आत जाऊन तिनं आम्हाला पाणी आणून दिलं. देवमन ते प्याला. मी पाणी तसंच खाली ठेवलं.

त्यानंतर हा माणूस बदललाच. कार्ड देताना पेशंटला समोर बसवून रोगाचं नाव तीनदा सांगायचा; कोणी लाजलं, कोणी भांडलं तरी सांगायचा. लोक त्याला खवीस म्हणायचे. घरी माठाला लांब दांड्याचा ओगराळा बांधलेला, आणि कोणी पाण्यात हात घातला की हा माठ फोडायचा. त्याची बायको इंदूबाई सांगायची, दुपारी डोळा लागला तरी दचकून उठतात अन् विचारतात, पोरीचा झटका थांबला का? सदुसष्टला अमरावतीला बदली झाली, तिथंही तेच.

लोक म्हणतात, तायडेनं एका बाईच्या अब्रूपायी पोरीचा जीव घालवला. म्हणोत. पण त्या दिवशी तो कागद घेऊन देवमन घंटाभर बसला होता, तेव्हा समोरून कोणी तरी म्हणालं होतं, "लिही ना मिरगी, कोन पाहून राह्यलं?" तो मी होतो. डॉक्टरांपुढं, रुख्मिणीपुढं, इंदूबाईपुढं, देवमननं माझं नाव कधी घेतलं नाही. त्या अंगणात मी त्याच्या शेजारीच उभा होतो, आणि मीही घेतलं नाही.