कात्रीमास्तरांचा एकुलता पेपर

संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या टंकलेखकाला सगळे कात्रीमास्तर म्हणत. मास्तरकी त्यांनी जन्मात कधी केली नव्हती, पण कात्री मात्र खरी होती, शिंप्याकडे असते तशी लांब पात्यांची. वरच्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञ मंडळींनी पेपर लिहून आणला की मास्तर तो आधी वाचत आणि मग सरळ कापत. एकेका परिच्छेदाची पट्टी करायची, पंखा बंद करायचा, सगळ्या पट्ट्या मोठ्या टेबलावर मांडायच्या आणि लिहिणाऱ्याला समोर उभं करून विचारायचं, "ही पट्टी इथे काय करतेय?"

पुढे टंकयंत्र गेलं, संगणक आला, कापणं-डकवणं पडद्यावर व्हायला लागलं. मास्तरांनी कात्री सोडली नाही. पडद्यावर एका वेळी एकच पान दिसतं, त्यामुळे पेपराचं पोट सुटलंय की पाय लुळे पडलेत ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

शिक्षण म्हणाल तर जेमतेम शाळा संपवलेली. पण एकतीस वर्षं रोज दुसऱ्यांचे पेपर टाइप करणाऱ्या माणसाला काही ना काही समजणारच, भिंतीलासुद्धा समजलं असतं. नवा विद्यार्थी प्रस्तावना घेऊन आला की मास्तर ती न वाचताच बाजूला ठेवत. "हे नंतर. आधी तक्ते आण." तक्ते आणि आकृत्या ओळीने मांडल्या की गोष्ट काय आहे ते दिसतं, मग प्रयोग कसा केला ते लिहायचं, मग काय दिसलं ते, मग त्याचा अर्थ. प्रस्तावना त्यानंतर, सारांश सगळ्यांत शेवटी. पण पोरं आधी कळस मग पाया करायची. सारांश लिहून मोकळी व्हायची आणि मग त्यात बसतील अशी निरीक्षणं शोधत फिरायची. प्रस्तावनेत तर नमनालाच घडाभर तेल. तीन पानं झाली तरी आपण नेमकं काय शोधतोय याचा पत्ता नाही. मास्तर तीन पानांतून दोन पट्ट्या ठेवत आणि बाकीचं टोपलीत टाकत. एकदोघं रडलीसुद्धा.

सगळ्यांत कडक तपासणी 'पद्धत' या भागाची. "हे वाचून माझ्या बायकोला हाच प्रयोग करता येईल का?" ते विचारत. विद्यार्थी गडबडायचा. "तिला किती वाजता, कितीदा, कशाने मोजायचं ते यात कुठे आहे? 'नियमितपणे' म्हणजे काय? मी नियमितपणे दाढी करतो, म्हणजे रोज करतो का?" समोरच्या हनुवटीवरचे खुंट बघून विद्यार्थी कागद उचलून वर पळायचा.

एकशे चाळीसएक पेपरांच्या शेवटी, आभाराच्या ओळीत, मास्तरांचं नाव होतं. पहिल्या ओळीत, जिथे लेखकाचं नाव असतं, तिथे एकाही पेपरावर नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे असं ते सांगत. वाटत असे, फार वाटत असे.

आणि त्यांच्याकडे सांगायला होतं काहीतरी. केंद्राच्या मागे एक तळं होतं, त्याच्या काठाला सिमेंटचा बाक. मास्तर तिथे डबा खात. तळ्यावर दर वर्षी ठरावीक सुमाराला लाल चतुर यायचे, लांब शेपटीचे, काचेसारख्या पंखांचे किडे. चतुर दिसला की नाही ते मास्तर खिशातल्या छोट्या वहीत तारखेसकट लिहीत, आणि त्या वर्षीचा पहिला दिसला की त्या तारखेखाली रेघ मारत. सुरुवातीला गंमत म्हणून, मग सवय म्हणून. अशी एकोणीस वर्षं झाली. निवृत्तीला आठ महिने उरले तेव्हा त्यांनी त्या रेघ मारलेल्या तारखा एका कागदावर ओळीने उतरवल्या आणि बोटांवर दोनदा मोजून पाहिल्या. पहिल्या बारा वर्षांच्या मानाने शेवटच्या सात वर्षांत चतुर सरासरी नऊ दिवस आधी येत होते.

दुसऱ्या मजल्यावर कीटकांचा अभ्यास करणाऱ्या बाई होत्या. वयाने मास्तरांच्या निम्म्या, आणि पूर्वी त्यांच्या कात्रीखालून गेलेल्या. त्यांनी कागद दोनदा पाहिला. "मास्तर, हा पेपर आहे," त्या म्हणाल्या. "लिहा तुम्ही. एकट्याच्या नावाने."

बातमी पसरली. केंद्राला पन्नास वर्षं होत होती, त्यानिमित्त विशेष अंक निघायचा होता. संचालकांनी जाहीर करून टाकलं की टंकलेखकाचा पेपर अंकात पहिला. घरी बायकोने तिच्या भावाला सांगितलं, भावाने चौघांना, आणि मग त्या मेहुण्यांचाच फोन आला, "काय भावजी, शास्त्रज्ञ झालात म्हणे. आता आमच्याशी बोलाल ना?" मास्तर वरवर कुरकुरले, पण दोन दिवस त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग ते लिहायला बसले. आपल्याच नियमाने आधी तक्ता केला, छान झाला. मग पद्धत. त्यांनी लिहिलं, 'निरीक्षणं केंद्राच्या तळ्यावर दुपारी एक ते दोन या वेळेत नियमितपणे केली.' लिहिलं, आणि हात थांबला. नियमितपणे म्हणजे काय?

पहिली बारा वर्षं मास्तर दुपारी घरी जेवायला जात. घर दहा मिनिटांवर होतं. फक्त शनिवारी बायको तिच्या आईकडे जायची, म्हणून त्या दिवशी डबा आणि तळं. म्हणजे आठवड्यातून एकदा. शेवटची सात वर्षं मात्र ते रोज तळ्यावर बसत होते, रविवार सोडून. जो माणूस आठवड्यातून एकदा बघतो त्याला मंगळवारी आलेला चतुर शनिवारीच दिसणार, तोही तोवर टिकला तर, नाहीतर त्याच्याही पुढच्या शनिवारी. रोज बघणाऱ्याला मंगळवारी दिसणार. चतुर लवकर येत नव्हते, मास्तर जास्त वेळा बघत होते.

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वहीत हीच चूक पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या वहीत ती दिसली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ते बाईंकडे गेले. बाई जरा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "नंतरच्या सात वर्षांतले फक्त शनिवार घेऊन बघा. वहीत रोजच्या नोंदी आहेत ना?" नोंदी होत्या, दिसला तेव्हा आणि नाही दिसला तेव्हाही. मास्तरांनी रात्रीचं जेवण व्हायच्या आत हिशेब काढला. फक्त शनिवार धरले तर फरक उरला एका दिवसाचा. एका दिवसाला शास्त्रात कुणी विचारत नाही.

संचालकांनी ऐकून घेतलं आणि ते हसले. "अहो, पद्धत एवढी बारकाईने वाचतो कोण? 'नियमित' लिहा आणि पुढे चला. झाकली मूठ सव्वा लाखाची. अंक छापायला जायचाय, पहिलं पान तुमच्यासाठी ठेवलंय." माणूस वाईट नव्हता, त्याला अंक हवा होता. मास्तरांनाही पहिलं पान हवंच होतं. इतकं हवं होतं की जिना उतरताना त्यांनी मनात ते वाक्य दोनदा लिहून पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते बरं वाटलं.

पण खरी अडचण चतुरांची नव्हती. पद्धत खरी लिहायची तर 'गेली सात वर्षं रोज' असं लिहावं लागणार होतं. आणि गेली सात वर्षं घरी त्यांनी सांगितलं होतं की दुपारी कामाचा रेटा असतो, खुर्चीवरून उठता येत नाही, डबा टेबलावरच खातो.

सात वर्षांपूर्वी मुलगा घर सोडून गेला. तेव्हा तो कॉलेजातून जेवायला घरी यायचा, तिघं एकत्र बसायची. एका दुपारी त्याने सांगितलं की शिक्षण सोडतोय, मित्राबरोबर दुसऱ्या शहरात गॅरेज काढतोय. मास्तरांनी त्याचंही बोलणं कापून काढलं, पट्टी पट्टी करून, अर्धं वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. तो ताटावरून उठला तो उठलाच. आता त्याचं बरं चाललं होतं. आईला फोन करायचा, बापाला नाही. त्यानंतर मास्तर महिनाभर घरी जेवायला गेले. समोर रिकामी खुर्ची, शेजारी मूग गिळून बसलेली बायको. मग एके दिवशी त्यांनी कामाचं सांगितलं आणि तळ्यावर जाऊन बसले. तिला खोटं सांगितल्याची लाज त्यांना वाटत होती, आणि तिथे बरं वाटतं याची त्याहून जास्त.

दोन दिवस मास्तर दोन कागद पिशवीत घेऊन फिरले. एकात 'नियमितपणे', दुसऱ्यात खरं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दुसरा कागद बायकोपुढे ठेवला.

"एवढं वाच. कळतंय का सांग."

बायकोने चष्मा लावला. ती दुपारी जवळच्या पाळणाघरात काम करायची, आत्ताच येऊन पाय पसरून बसली होती. तिने सावकाश वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहू दिलं.

"रोज?"

"रोज."

"तुम्ही तर म्हणायचात, उठायला होत नाही."

"होत होतं." मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत होते. "मला इथे बसवत नव्हतं. त्याची खुर्ची दिसायची."

बायकोने चष्मा काढला. "ती मलाही दिसायचीच की," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी कुठे जाऊ, असं विचारलंत कधी? मला वाटायचं, बिचारे काम करून दमताहेत. डब्यात जरा जास्त भरून द्यायची." ती उठली, आत गेली आणि बराच वेळ नळ वाहण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी 'नियमितपणे' लिहिलेला कागद कापला आणि टोपलीत टाकला. पेपराची चार पानं होती, त्यांचं एक पान झालं. एकोणीस वर्षांच्या नोंदींत चतुर लवकर आल्यासारखे दिसतात, पण निरीक्षणाचे दिवस वाढल्याने तसं दिसतं. फक्त शनिवारच्या नोंदी घेतल्या तर फरक उरत नाही. बस्स. संचालकांचं तोंड उतरलं. त्यांनी ते पान अंकात शेवटून दुसरं टाकलं. पण वर, पहिल्या ओळीत, नाव एकट्या मास्तरांचं होतं. बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना ते वाचायला दिलं. मेहुण्यांना मात्र त्यातलं काही समजलं नाही. "म्हणजे काही सापडलं नाही, असंच ना?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "असंच."

त्या संध्याकाळनंतर घरी सगळं पहिल्यासारखं चाललं होतं, फक्त डबा भरला जात नव्हता. ओट्यावर रिकामा पडून असे. मास्तर दोन दिवस केंद्राबाहेरच्या टपरीवर काहीबाही खाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी एकचा ठोका पडला तसे ते उठले, तळ्याकडे वळले नाहीत, थेट घरी गेले. सात वर्षांनी.

दाराला कुलूप होतं. किल्ली खिशात होती, पण का कोण जाणे, ती काढावीशी वाटली नाही. मास्तर पायरीवर दीड वाजेपर्यंत बसले आणि उपाशीच परत गेले.

संध्याकाळी ते म्हणाले, "मी आज एक वाजता आलो होतो."

"घरी? कशाला?"

"जेवायला."

बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "मी बाराला जेवते," ती म्हणाली. "साडेबाराला पाळणाघर असतं माझं. पाच वर्षं झाली."

आपली बायको पाळणाघरात जाते हे मास्तरांना ठाऊक होतं, पण ती जेवण आटोपून दोनच्या पुढे जात असेल असं ते धरून चालले होते. ती जेवते किती वाजता, हे पाच वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. माहीत नाही असं म्हणायचीही त्यांना लाज वाटली.

"उद्या येऊ?"

"यायचं तर बाराला या. मी थांबणार नाही."

केंद्राची जेवणाची सुट्टी एकची. गेल्या पन्नास वर्षांत ती कुणासाठी बदलली नव्हती. मास्तरांनी सकाळी कचेरीत गेल्यावर पहिलं काम अर्जाचं केलं. उरलेले चार महिने जेवणाची सुट्टी बारा ते एक मिळावी, ही विनंती. हाताखालून हजारो कागद गेलेला माणूस, पण 'कारण' लिहायच्या जागेपाशी बराच वेळ अडला. प्रकृती, औषधाची वेळ, घरगुती अडचण, सगळं मनात येऊन गेलं. त्यातलं काहीच त्यांनी लिहिलं नाही.

संचालकांनी अर्ज हातात घेतला, कारण वाचलं, चष्मा वर करून मास्तरांकडे पाहिलं आणि सही केली.

कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'बायको बाराला जेवते.'