शेपूटकाकांचा ठिपका

शेपूटकाकांना हे नाव मोटरसायकलींमुळे मिळालं. सुट्टीच्या दिवशी चौदा जणांची टोळी डोंगरात जायची आणि हे कायम सगळ्यांच्या मागे. कुणाची चेन उतरली, कुणाचं चाक बसलं, की मागून काका पान्यांची पिशवी घेऊन हजर. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे, दुसऱ्यांसाठी धूळ खातो. काका नुसते हसायचे. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटायची.

टोळीचा एक नियम होता. रस्त्याला फाटा फुटला की एकाने तिथं थांबायचं आणि शेपूट आलं की मगच निघायचं. म्हणजे प्रत्येक फाट्यावर कुणीतरी काकांची वाट बघत उभं असायचं. बस्स, एवढंच कारण. एरवी त्यांची वाट बघणारं होतं कोण? दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ते कवळ्या करत. अर्ध्या शहराचं हसू त्यांच्या हातचं, पण हसणाऱ्यांपैकी कुणी त्यांना ओळखत नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लांब राहणाऱ्या मुलीचा फोन ‘जेवलात ना?’ला सुरू व्हायचा आणि ‘बरं, ठेवते’ला संपायचा. घराला कुलूप स्वतःच घालायचं, स्वतःच काढायचं.

दुसऱ्या फाट्यावर मात्र टोळीतल्या लाँड्रीवाल्या वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या.

“आलात एकदाचे! एवढ्या वेळात माझं दुसरं लग्न लागलं असतं.”

“मग आहेर घेऊनच आलो असतो,” काका म्हणायचे.

दर खेपेला हेच बोलणं. ते त्यांना आठवडाभर पुरायचं.

टोळीच्या पुढे विमा एजंट असायचा, म्हणून तो पुढारी. त्याला नव्याची भारी हौस. त्या शनिवारी पेट्रोल पंपावर त्याने जाहीर केलं, “आता फाट्यावर कुणी ताटकळायचं नाही. फोनमध्ये नकाशा टाकायचा, त्यात प्रत्येकाचा ठिपका दिसतो. कोण मागे राहिलं ते लगेच कळतं.” सगळे खूश. काकांचा फोन त्याने स्वतःच ओढून घेतला. “द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं.” नकाशा टाकून होतोय तोच गाड्या सुरू झाल्या आणि घाईघाईत तो फोन पुढाऱ्याच्याच खिशात गेला. ना त्याच्या लक्षात आलं, ना काकांच्या.

पहिल्या फाट्यावर कुणी नव्हतं. दुसऱ्यावर तरी वहिनी असतील, त्यांची खोड काही इतक्यात जायची नाही, असं काकांना उगीचच वाटत होतं. तिथं फक्त मैलाचा दगड होता. या वयात कसले लाड, असं स्वतःलाच दटावून ते पुढे निघाले आणि चढावर त्यांच्या क्लचची केबल तुटली.

खिसे चाचपले तर फोन नाही. पंपावर राहिला असणार. आणि गंमत म्हणजे काकांना बरं वाटलं. आपला ठिपका पंपावरच अडकलेला बघून सगळे घाबरतील, कुणीतरी शोधत येईल! नवी केबल पिशवीत होती, पण त्यांनी ती मुद्दामच रमतगमत बसवली. दर वळणाकडे मान वर करून बघत होते. एक दुधाची गाडी तेवढी आली आणि गेली.

ते धाब्यावर पोहोचले तेव्हा सगळ्यांची जेवणं आटोपली होती. त्यांच्या खुर्चीवर हेल्मेटांचा ढीग होता.

“काका, फोटोच्या वेळी कुठे होतात?” कुणीतरी विचारलं.

“अरे, इथेच होते ना!” पुढारी म्हणाला. “वेटर तेरा ताटं म्हणत होता, तर मी त्याला ठिपके मोजून दाखवले. चौदावं ताट आणायला लावलं. काकांना भूक नसेल म्हणून शेवटी आम्हीच वाटून खाल्लं.”

मग त्याने खिशात हात घातला आणि दोन फोन निघाले. “आयला! म्हणजे सकाळपासून मी काकांना खिशात घेऊन फिरतोय!”

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. काकाही हसले. वहिनींचं लक्ष तेवढं त्यांच्या काळ्या हातांकडे गेलं. “म्हणजे तुम्ही आत्ता येताय?”

“केबल तुटली होती,” काका म्हणाले आणि हात धुवायला गेले. नळ सोडून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांना रडू येत होतं.

परतताना ते नेहमीसारखे शेवटी होते, फोन त्यांच्याच खिशात. फाट्यावर त्यांनी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, कमरेवर हात ठेवले आणि आपण आलो त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले.

“आलात एकदाचे,” ते मोठ्याने म्हणाले.

नकाशावर त्यांचा ठिपका फाट्यावर कितीतरी वेळ थांबलेला दिसत असणार. फोन काही वाजला नाही.