दोघींनी ऐकायचं

आमची मावशी हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात शिक्के मारायची. मला तिनेच तिथे चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी झापलंसुद्धा. टेबलावर तीन इंग्रजी शिक्के होते. प्रकरण संपलं ना, मग हाताला येईल तो मारायचा, अशी माझी समजूत.

"शहाणे," मावशी म्हणाली, "बॅग सापडली, माणसाने नेली, तर 'रिझॉल्व्ड'. सापडली नाही, पण माणूस राजी झाला, तर 'सेटल्ड'. यातलं काहीच नाही, नुसते आपण शोधून दमलो, तर 'क्लोज्ड'."

'सेटल्ड'साठी तिचा एक हट्ट होता. त्या माणसाला फोन लावायचा, स्पीकर चालू करायचा आणि त्याचा होकार दोघींनी ऐकायचा. एकटं माणूस आपल्याला हवं तेच ऐकतं, असं तिचं म्हणणं. साहेब वैतागायचे, पण तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

आता हीच बाई घरी काय करायची? काका, म्हणजे तिचा नवरा, एका सकाळी दूध आणायला गेले ते आलेच नाहीत. ना भांडण, ना चिठ्ठी. पोलिसांनी हात टेकले, नातेवाइकांनी नाद सोडला. मावशी मात्र त्यांचा कोरडा टॉवेल रोज धुऊन वाळत घालायची. काकांना बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. ते खाकरणं अजून स्वयंपाकघरातून येतं, असं ती सांगायची. मी तिच्यासमोर हसण्यावारी न्यायचे आणि माझ्या घरी जाऊन दिवा चालू ठेवून झोपायचे.

मग त्यांची इमारत पाडायची ठरली. एकेक बिऱ्हाड गेलं, नळ बंद झाले. मावशी हलायला तयार नाही. "ते आले तर दार कुठलं वाजवतील?"

माझं डोकं फिरलं. "आता 'क्लोज्ड' म्हण आणि चल माझ्याकडे."

"मी कुठे दमलेय?" ती शांतपणे म्हणाली. "त्यांची हरकत नसेल तर निघेन. पण तूही ऐकायला हवंस."

पाडणारे यायच्या आदल्या दुपारी मी तिला न्यायला गेले. सामान आधीच हललं होतं. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा आणि दोरीवर टॉवेल, एवढंच उरलं होतं. मनाशी मी ठरवूनच आले होते: काही ऐकू येवो न येवो, 'ऐकलं' म्हणायचं. पाप लागलं तर लागू दे, मला माझी मावशी जिवंत हवी होती.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. "अहो, मी हिच्याकडे राहायला जातेय. चालेल ना?"

आणि फोनवर थांबतो तशी थांबली.

स्वयंपाकघरात कुणीतरी घसा खाकरला. मग हळूच, "हं."

मला काकांचा असा संताप आला की काय सांगू. इतकी वर्षं तिला झुरवलं आणि आता नुसतं 'हं'? आत डोकावायची मात्र माझी हिंमत झाली नाही.

"ऐकलंस?" मावशीने विचारलं.

"हो."

तिने टॉवेल काढला, घडी करून पिशवीत टाकला आणि माझ्याआधी जिना उतरायला लागली. मी खोटं बोलायची तयारी करून आले होते. ती वेळच आली नाही.