तोंडपाठ तक्ता

सलूनवाल्याला सगळे हिरो म्हणत आणि तोही ते नाव मोठ्या ऐटीत मिरवायचा. केस काळेभोर, भांग सरळ, शर्ट इस्त्रीचा. वय विचारलं की म्हणायचा, "साठीला टेकलोय." गेली कित्येक वर्षं तो टेकलेलाच होता. खरं तर सत्तरी कधीच मागे पडली होती, पण ते ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला आणि कलपाच्या बाटलीला. त्याचं म्हणणं साधं होतं. आपणच म्हातारे दिसलो, तर कलप लावून घ्यायला आपल्या खुर्चीत कोण बसेल?

वय लपवणं जमलं, डोळे लपवणं मात्र जड जात होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कात्री सवयीने चालायची, पण वस्तरा गळ्याला लावताना हिरो आधी बोटांनी जागा चाचपून घ्यायचा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली रक्त आलं. हिरोने घाईघाईने तुरटी फिरवली आणि म्हणाला, "मान हलवलीत तुम्ही." मान हलली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

शेजारचा चष्मेवाला त्याचा जुना दोस्त. रोज सकाळी स्वतःचं दुकान उघडण्याआधी तो हिरोकडून दाढी करून घ्यायचा, तीही डोळे मिटून, चक्क घोरत. मोतीबिंदू ओळखला त्यानेच. "ऑपरेशन करून घे, नाहीतर वस्तरा खाली ठेव," असं तोंडावर सांगून मोकळा झाला. पुढे थोड्याच दिवसांत त्याने दाढी वाढवली. "बायकोला आवडते," म्हणाला. हिरोने खोदून विचारलं नाही. एक गळा कमी झाला, एवढंच त्याला बरं वाटलं.

ऑपरेशनचं घोडं अडलं होतं खर्चापाशी. विमा काढावा म्हटलं, तर खुर्चीत बसलेला एक एजंट भलतीच भीती घालून गेला होता. "खासगी कंपन्यांचं सांगतो," तो म्हणाला होता, "वय वाढलं की हप्ता वाढतो. आणि आधीचा आजार सांगितलात, तर त्याचा खर्च मिळायला वर्षानुवर्षं थांबा." हिरोने त्यातला 'खासगी' तेवढा सोडून दिला आणि बाकीचं घट्ट धरून ठेवलं. त्यामुळे बायकोने सरकारी आरोग्य विम्याचा विषय काढला, तेव्हा तो उसळलाच.

"सरकारी काय आणि खासगी काय! म्हातारा आणि आंधळा, दोन्ही कळलं की संपलं."

"अहो, ती योजना म्हाताऱ्यांसाठीच आहे म्हणे."

"म्हणे! कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. जाऊन विचारायला काय जातंय आपलं?"

बायकोपुढे त्याचं कधी काही चाललंय? जायचं ठरलं. पण हिरो गेला तो पक्क्या तयारीने. आदल्या दिवशी ताजा कलप लावला. तिथे डोळे तपासणार याची त्याला खात्रीच होती, म्हणून चष्मेवाल्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याच्याकडून वाचून घेतला आणि वरच्या ढोबळ अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत तोंडपाठ केला.

"कशाला हवंय तुला हे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नातवाला अक्षरं शिकवायचीत."

नातू कॉलेजात होता.

विम्याच्या ऑफिसात मागची बाकं रिकामी होती. बायको बसली, पण हिरो बसला नाही. बसलं की उठावं लागतं आणि उठताना गुडघे बोलतात. तो भिंतीशी ताठ उभा राहिला. नंबर लागल्यावर काचेमागच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं. हिरोने दिलं, पण जन्मसालावर अंगठा दाबून.

"काका, सोडा की."

सोडावं लागलं. बाईंनी ओळखपत्राकडे पाहिलं, मग त्या काळ्याभोर केसांकडे, मग पुन्हा ओळखपत्राकडे. हिरोने भांगावरून हात फिरवला. बाईंनी मात्र समोरच्या भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आधी तो बोर्ड वाचा बघू."

आली परीक्षा! हिरोने छाती पुढे काढली, भिंतीवरच्या पांढऱ्या ढगावर नजर लावली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "ग. प, र. म, ल, त. न, व, ह, क..." न अडखळता तो थेट तळाच्या ओळीपर्यंत पोचला.

बायकोने कपाळाला हात लावला.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाहीये का?"

ज्या प्रश्नाच्या धास्तीने त्याची झोप उडाली होती, तोच हा प्रश्न. हिरोला एकदम या सगळ्या सोंगाचा कंटाळा आला.

"नाही दिसत," तो म्हणाला. "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. वयही चोरतो मी. सलून आहे माझं, पण वस्तरा धरायची भीती वाटते आता. तुमच्या नियमात बसत नसेन, तर तसं सांगा. जातो मी."

बाई उठून बाहेर आल्या आणि बोर्डाखाली उभं राहून सावकाश वाचू लागल्या. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही घेतात. मिळकत कितीही असो. हप्ता नाही. आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात. मग त्यांनी समजावून सांगितलं, की यादीतल्याच दवाखान्यात जावं लागेल, चष्म्याचा आणि किरकोळ औषधांचा खर्च आपला, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन यात येतं.

"म्हणजे म्हातारा असलो तरी चालेल?"

"असलात तरच चालेल, काका! आणि काकू, तुम्हाला सत्तर पूर्ण झाली की तुम्हीही या."

"मला काही घाई नाही," बायको म्हणाली.

हिरोचा जीव भांड्यात पडला. तो मागच्या बाकावर मटकन बसला आणि पोटभर हसला. उठताना गुडघे कडाकडा बोलले. त्याने त्यांना खुशाल बोलू दिलं.

एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिली आणि हिरोने सलून उघडलं. आरशात पाहतो तर कानाच्या पाळीवर कलपाचे काळे डाग!

"अगं, हे केव्हापासून?"

"दर वेळी पुसते मी," दारातून बायको म्हणाली. "एखादा राहून जातो."

तेवढ्यात चष्मेवाला आत आला आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसला. "काढ ही दाढी," म्हणाला.

"आणि बायको? तिला आवडते ना?"

"कुठली आवडते! रोज डोकं खाते माझं. तुझ्या वस्तऱ्याची भीती वाटायची रे. आणि दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला मन होईना."

फेसाचा ब्रश हिरोच्या हातात तसाच राहिला. डोळे भरून आले आणि समोरचं सगळं पुन्हा धूसर झालं. त्याने ते पुसले, फेस लावला, वस्तरा उघडला. चष्मेवाल्याने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि एक गाल होईपर्यंत तो घोरायलाही लागला.