तोफेची कंबर

तोफ, हे नाव टेलरबाईंनीच ठेवलेलं, पहिल्यांदा त्यांच्या दुकानात आली तेव्हा आधी तिचं हसू आत आलं, मग आवाज, मग पिशव्या, आणि दारातला उजेड बराच वेळ अडवून झाल्यावर स्वतः तोफ. टेलरबाईंनी कंबरेला टेप लावली. टेपेची दोन टोकं एकमेकांना न भेटताच परत आली.

"दोन टेपा जोड की गं, लाजतेस काय!" तोफ गरजली. आरसा थरथरला. पुढची वीस वर्षं दोघी सख्ख्या बहिणींसारख्या भांडल्या.

मग तोफेच्या लेकीचं लग्न ठरलं आणि विहीणबाई सहज म्हणाल्या, "फोटोत आईच मावणार वाटतं!" तोफेने त्याच संध्याकाळी चरबी जाळणाऱ्या गोळ्या आणल्या.

"डॉक्टरला विचारलंस?" टेलरबाई म्हणाल्या.

"चिठ्ठीसुद्धा लागत नाही याला. नुसता झाडपाला! बघ, बाटलीवर पान काढलंय."

"पानं धोतऱ्यालाही असतात, बये."

"जळतेस मेली!"

लग्नासाठी तोफेने स्वतःला पिवळाधमक रेशमी ड्रेस शिवायला टाकला होता. दर शनिवारी टेलरबाई तो उसवायच्या, आत घ्यायच्या. पाच आठवड्यांत कंबर चार इंच उतरली, आणि जणू आपणच ती कातरली असा टेलरबाईंना गर्व चढला. छातीचं माप घेताना मात्र टेपेखाली तोफेचं काळीज मशीनसारखं धडधडत होतं.

"जिना चढून आलीस ना, म्हणून," त्या म्हणाल्या. दुकान तळमजल्यावर होतं.

सहाव्या शनिवारी तोफेचे डोळे पिवळट दिसले. पिवळं कापड गळ्याशी धरलं की चेहऱ्यावर त्याची झाक पडते, हे टेलरबाई तीस वर्षं पाहत आल्या होत्या. कापड बाजूला करून त्यांनी पाहिलंच नाही. "रंग खुलतोय हो तुला," तोंडात टाचण्या धरून त्या म्हणाल्या. तोफ हसली नाही. नुसते दंड खाजवत राहिली.

पुढच्या शनिवारी कंबर तीन इंच वाढली होती.

"काय हाणलंस चोरून?"

"तीन दिवस पोटात काही ठरत नाही गं," तोफ पुटपुटली.

टेलरबाईंनी ड्रेस खाली टाकला, तिला हाताला धरून दारातल्या उजेडात आणलं. डोळे तसेच पिवळे होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी गोळ्यांची बाटली मागितली. यकृत निकामी झालं होतं. तपासणीत गोळ्यांमध्ये बाटलीवर न छापलेली दोन औषधं सापडली.

तोफ अकराव्या दिवशी गेली. पोटात पाणी साठलं होतं. शेवटचं वजन पहिली गोळी घेतली त्या दिवसापेक्षा सहा किलोने जास्त भरलं.